फोटोतले गोळे आणि डोळ्यांच्या मर्यादा: घरच्या घरी तपासणी कशी करायची

शनिवारवाड्याबाहेर रात्री काढलेल्या फोटोत पांढुरका गोळा उमटला, की पुण्यात चर्चा लगेच नारायणराव पेशव्यांपर्यंत जाते. ३० ऑगस्ट १७७३ ला तिथं त्यांचा खून झाला हा इतिहास आहे, त्यात वाद नाही. फोटोतला गोळा मात्र बहुतेक वेळा लेन्सपासून वीतभर अंतरावर तरंगणाऱ्या धुळीच्या कणाचा असतो. हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, म्हणून ते तपासायचं कसं ते इथं सविस्तर देत आहोत. लागणारं मुख्य सामान: दोन फोन, एक टॉर्च, एक फूटपट्टी आणि एक न धुतलेली चादर.

या वादात एक वाक्य हमखास येतं: "आम्ही तिथंच उभे होतो, डोळ्यांना काहीच दिसलं नाही, कॅमेऱ्यात मात्र आलं." हे म्हणणं खरं असतं, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. डोळा आणि कॅमेरा कुठं वेगळे वागतात हे ठरलेलं आहे आणि ते मोजता येतं. कुठलाही गोळा समोर आला, की दोनच प्रश्न विचारायचे: ती वस्तू लेन्सपासून किती अंतरावर होती, आणि तिच्यावर उजेड कुठून पडला? ते "काय" आहे हा प्रश्न नंतरचा.

गोळा तयार कसा होतो

नेहमीचा फोन घ्या. मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ साधारण ६ मिलिमीटर आणि अ‍ॅपर्चर एफ/१.८ धरलं, तर उजेड आत घेणारं भोक सुमारे ३.३ मिलिमीटर व्यासाचं असतं. फोकस ३ मीटरवरच्या माणसांवर आहे. आता लेन्सपासून ८ सेंटिमीटरवर धुळीचा एक कण आला. तो फोकसमध्ये येणं शक्यच नाही, म्हणून त्याच्या बिंदूची सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, चकती होते, सुमारे ०.२४ मिलिमीटर व्यासाची. सेन्सर ८ मिलिमीटर रुंद आणि फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल, तर ही चकती १२० पिक्सेलची दिसते. तोच कण ३० सेंटिमीटरवर असेल तर ३० पिक्सेल, आणि मीटरभर लांब असेल तर जेमतेम सहा-सात पिक्सेल.

इथं लोकांना न पटणारी एक गोष्ट आहे. गोळ्याचा आकार कणाच्या आकारावर जवळजवळ अवलंबून नसतो. ०.०५ मिलिमीटरचा कण आणि ०.२ मिलिमीटरचा कण एकाच अंतरावर असतील, तर दोघांचे गोळे सारख्याच मापाचे येतात. मोठ्या कणाचा गोळा फक्त जास्त उजळ दिसतो. चकतीचा आकार ठरतो तो अ‍ॅपर्चर आणि अंतरावरून. म्हणून "केवढा मोठा गोळा आहे बघा" यात वस्तू मोठी असल्याचा पुरावा नसतो. ती जवळ होती एवढंच त्यातून कळतं.

उजेडाचं गणितही असंच. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो. माणूस ३ मीटरवर आणि कण १० सेंटिमीटरवर, म्हणजे कण ३० पट जवळ. त्याच्यावर माणसाच्या ९०० पट तीव्र उजेड पडतो. त्यातला थोडाच मागे लेन्सकडे फिरला आणि तोही चकतीभर पसरला, तरी अंधाऱ्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसायला पुरतो.

फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असला की हा प्रकार वाढतो. खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांमध्ये फ्लॅश लेन्सला चिकटून असायचा, सेन्सर छोटा आणि फ्लॅश जोरदार. गोळ्यांचं पीक त्याच काळात आलं. मोठ्या कॅमेऱ्यावर वर लावलेला फ्लॅश लेन्सपासून १०-१५ सेंटिमीटर दूर असतो, त्यामुळं लेन्सच्या अगदी पुढ्यातल्या कणांवर उजेड पडतच नाही. शिवाय ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२.८ वर भोक १८ मिलिमीटरचं असतं, त्यामुळं जवळच्या कणाची चकती इतकी मोठी होते की उजेड पातळ होऊन ती दिसेनाशी होते. फोनचा एलईडी फ्लॅश कमजोर असतो, म्हणून फोनमध्ये गोळे तुलनेनं कमी येतात. धूळ दाट असेल किंवा भुरभुर पाऊस असेल तर तिथंही येतात.

घरची चाचणी: चादर झटकून गोळे काढणं

ही चाचणी संशय घेणाऱ्या माणसाला सोबत घेऊनच करा. फोटो त्यालाच काढू द्या. दमा असलेल्यांनी खोलीबाहेर थांबावं, बाकीच्यांनी मास्क लावावा.

१. खोलीची दारं-खिडक्या बंद करा, पंखा बंद करा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. समोरच्या भिंतीवर काळं किंवा गडद निळं कापड लावा. कॅमेरा त्यापासून ३ मीटरवर पुस्तकांच्या थप्पीवर पक्का बसवा.

२. फ्लॅश "ऑटो" न ठेवता कायम चालू करा. नाइट मोड, एचडीआर आणि ब्युटी फिल्टर बंद. फोकस कापडावर धरून लॉक करा. जुना खिशातला कॅमेरा कपाटात पडून असेल तर तोच वापरा, परिणाम जास्त ठळक येतो.

३. काहीही न झटकता १० फोटो काढा. हा आधार. यातही एखाददुसरा फिका गोळा दिसेल. तो पुसून टाकू नका, मोजा.

४. कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर चादर किंवा सतरंजी तीनदा जोरात झटका. लगेच, मग ३० सेकंदांनी, २ मिनिटांनी, ५ मिनिटांनी आणि १० मिनिटांनी प्रत्येकी पाच फोटो काढा. प्रत्येक वेळचे गोळे मोजून कागदावर लिहा.

५. आता पुन्हा चादर झटका, पण फ्लॅश बंद ठेवा. दुसऱ्यानं कॅमेऱ्याच्या बाजूला मीटरभर अंतरावरून टॉर्च कापडावर मारायचा, लेन्सच्या पुढ्यात उजेड येऊ द्यायचा नाही. धूळ तेवढीच, पण गोळे जवळजवळ नाहीसे होतात.

६. शेवटी इस्त्रीसाठी वापरतात ती पाण्याची फवारणी बाटली घ्या. कॅमेऱ्याच्या वर, थोडं पुढे एकदाच फवारा आणि लगेच फ्लॅशचा फोटो काढा. थेंबांचे गोळे धुळीच्या गोळ्यांपेक्षा नितळ असतात. पावसाळ्यात सिंहगडावर किंवा ताम्हिणीत येतात ते हेच. कॅमेऱ्यावर थेट पाणी उडू देऊ नका.

पाचवी पायरी गाळू नका. धूळ होती हे चौथ्या पायरीत कळतं. गोळे होण्याला उजेडाची जागा कारणीभूत आहे हे पाचव्या पायरीशिवाय सिद्ध होत नाही.

चाचणी फसते ती तीन कारणांनी. पंखा चालू राहिला तर धूळ खाली बसतच नाही आणि आकडे घटत नाहीत. मागची भिंत पांढरी असेल तर गोळे असूनही दिसत नाहीत. आणि बऱ्याच फोनमध्ये फ्लॅश असला तरी सॉफ्टवेअर अनेक फ्रेम एकत्र करतं, त्यात क्षणभर आलेला कण पुसला जातो. अशा वेळी कॅमेरा अ‍ॅपमधला "प्रो" मोड वापरा.

"खोली बंद होती, तासभर कुणी आलं-गेलं नव्हतं" हा मुद्दाही इथंच निकालात निघतो. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम ३ मिलिमीटर खाली येतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीवर पोचायला त्याला आठ-नऊ मिनिटं लागतात, तेही हवा अजिबात हलली नाही तर. माणसाच्या अंगाच्या उबेनं वर उठणारी हवासुद्धा त्याला पुन्हा वर नेते. ५० मायक्रोमीटरचा कण मात्र वीस सेकंदांत खाली बसतो. म्हणून चौथ्या पायरीत पहिल्या मिनिटात गोळे झपाट्यानं कमी होतात आणि मग बराच वेळ थोडेथोडे येत राहतात.

डोळ्यांना का दिसलं नाही

पहिलं कारण जागेचं. कण लेन्ससमोर ८ सेंटिमीटरवर आहे, तुमच्या डोळ्यासमोर नाही. डोळा पडद्याकडे किंवा समोरच्या माणसांकडे बघत असतो. खिशातल्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, आणि झोत डोळ्यांवर आला असेल तर त्यानंतर काही सेकंद तुमच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, झोताचाच डाग राहतो. एरवी धूळ डोळ्यांनाही दिसतेच: माजघरात कवडसा पडला की तीच धूळ नाचताना दिसते. फक्त उजेड बाजूनं यावा लागतो आणि मागे काळोख लागतो.

दुसरं कारण रंगाचं, म्हणजे तरंगलांबीचं. माणसाचा डोळा साधारण ३८० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश बघतो. कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत प्रतिसाद देतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड, म्हणजे ७०० नॅनोमीटरच्या पुढचा न दिसणारा प्रकाश, अडवणारी काच बसवलेली असते, पण ती पूर्ण अडवेल असं नाही. टीव्हीचा रिमोट घ्या, अंधारात त्याचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये पांढरा किंवा जांभळट ठिपका लुकलुकतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. मागच्या मुख्य कॅमेऱ्यात तो सहसा खूप फिका दिसतो. सोसायटीच्या कॅमेऱ्यात रात्रीसाठी ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी असतील तर जवळून बघितल्यावर मंद लालसर झाक जाणवते. ९४० चे असतील तर तीही नाही. "कुठलाच दिवा नसताना खांबावर जांभळा गोळा आला" अशा फोटोत आधी त्या खांबावर सीसीटीव्ही आहे का ते बघा.

तिसरं, अंधाराला सरावणं. डोळ्यातल्या रंग बघणाऱ्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत सरावतात, अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना २० ते ३० मिनिटं लागतात. फोनच्या उजळ पडद्याकडे एकदा बघितलं की ही कमाई बरीचशी जाते. नजरेच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच. म्हणून अंधारात एखादी फिकी गोष्ट कडेनं दिसते आणि सरळ तिच्याकडे बघितलं की गायब होते. "मी बघितलं आणि ते नाहीसं झालं" या अनुभवाचं मूळ पुष्कळदा इथं असतं. तारे बघणारे लोक मुद्दाम थोडं बाजूला बघतात ते याचसाठी.

चौथं म्हणजे अंध बिंदू. कागदावर ८ सेंटिमीटर अंतरावर एक फुली आणि तिच्या उजवीकडे एक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्यानं फुलीकडे बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका गायब होतो आणि तिथं काळं भोकही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा कागद ओढून जागा भरून टाकतो. एवढी भरपाई आपल्या नकळत चालते, म्हणून एका साक्षीदारानं "मी नीट बघत होतो" म्हटल्यानं फार काही सिद्ध होत नाही.

उलट प्रकारही होतो: नसलेलं दिसतं. पूर्ण अंधाऱ्या खोलीत तीन मीटरवर एक पेटती उदबत्ती लावा आणि तिच्या टोकाकडे दोन-तीन मिनिटं बघत बसा. लाल ठिपका इकडेतिकडे सरकू लागतो, कधी हात-दीड हात. ठिपका जागचा हललेला नसतो. आजूबाजूला दुसरा संदर्भ नसल्यामुळं डोळ्यांच्या बारीक हालचाली मेंदूला ठिपक्याच्या वाटतात. खोलीत दुसरी उदबत्ती लावली की सरकणं थांबतं किंवा खूप कमी होतं. डोंगरावरचा एकटा दिवा "नाचतो" तो असाच. त्यामुळं रात्री निरीक्षण करायचं असेल तर दृष्टिक्षेपात एखादी स्थिर कड हवीच: खांब, गच्चीचा कठडा, काहीही.

निळ्या आकाशाकडे बघताना वळवळत पळणारे चमकदार बिंदू हे डोळ्याच्या केशवाहिन्यांमधल्या पांढऱ्या पेशींमुळं दिसतात. नजरेबरोबर तरंगणारे धागे-ठिपके नेत्रगोलातल्या काचरसात असतात. दोन्ही निरुपद्रवी. पण हे ठिपके अचानक खूप वाढले, डोळ्याच्या कडेला विजेसारख्या चमका येऊ लागल्या, किंवा एका बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. दृष्टिपटल सुटत असल्याची ती लक्षणं असू शकतात. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी तर मुळीच थांबू नये.

आलेला फोटो वाचायचा कसा

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेली प्रत तपासायला निरुपयोगी. ती आकार कमी करायला दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते आणि फोटोची आतली माहिती त्यात राहत नाही. मूळ फाइल "डॉक्युमेंट" म्हणून मागवा, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे दोन-दोन फोटोही मागवा. मालक द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथंच थांबलेलं बरं.

फाइलच्या तपशिलात चार गोष्टी बघा: फ्लॅश चालला होता का, शटरचा वेळ, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) आणि अ‍ॅपर्चर. फ्लॅश चालला असेल आणि लागोपाठच्या फोटोत गोळ्यांची जागा बदलत असेल, तर कण किंवा थेंब. फ्लॅश नसेल आणि चौकटीत रस्त्याचा दिवा, चंद्र किंवा गाडीचा हेडलाइट असेल, तर लेन्सच्या आतली प्रतिबिंबं तपासा. फोटोची प्रत घ्या, ती १८० अंशांनी फिरवा आणि अर्धी पारदर्शक करून मूळ फोटोवर ठेवा. गोळा दिव्यावर जाऊन बसला तर खेळ संपला: हे प्रतिबिंब फोटोच्या केंद्रापलीकडे दिव्याच्या बरोबर समोर, तेवढ्याच अंतरावर येतं. फोनमध्ये ते बहुधा हिरवट असतं. फोटो कापलेला असेल तर ही युक्ती चालत नाही, म्हणून मूळ फाइल. प्रत्यक्ष जागेवर आणखी सोपं: पडद्याकडे बघत फोन हळूच फिरवा. दिवा डावीकडे सरकतो तसा ठिपका उजवीकडे पळतो.

प्रत्येक रात्रीच्या फोटोत ठिपका त्याच पिक्सेलवर असेल तर सेन्सरचा एखादा पिक्सेल बिघडलेला आहे. कडेच्या गोळ्याचा एक भाग कापल्यासारखा, लिंबाच्या आकाराचा दिसत असेल तर ते लेन्सच्या नळीच्या कडेमुळं. पाच-सहा कोनांचा असेल तर अ‍ॅपर्चरच्या पात्यांमुळं. दोन्ही खुणा मोलाच्या, कारण आकार लेन्सनं दिला आहे हे त्यातून सरळ कळतं. लांब पांढरी वळणदार पट्टी दिसली की कॅमेऱ्याची दोरी किंवा केस लेन्ससमोर आले होते का ते विचारा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गडावर फ्लॅश मारला की "धूर" येतो, तो फोटो काढणाऱ्याच्याच श्वासाचा. श्वास रोखून दुसरा फोटो काढला की नाहीसा होतो.

गोळ्यात चेहरा दिसणं ही वेगळी गोष्ट. फाइल दाबताना चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन केले जातात. फार मोठं करून बघितलं की त्या चौकोनांत डोळे-नाक शोधणं माणसाच्या मेंदूला फार सोपं जातं. शंभर टक्क्यांच्या पुढे झूम करून काढलेला कुठलाही निष्कर्ष आम्ही ऐकूनही घेत नाही.

सोसायटीचा सीसीटीव्ही: पार्किंगमध्ये फिरणारा गोळा

पुण्यात अशा तक्रारी फोटोपेक्षा सीसीटीव्हीच्याच जास्त, आणि कारणं ठरलेली: डास, पाकोळ्या, कोळ्याचा धागा, डोमवरची (कॅमेऱ्यावरच्या गोल प्लॅस्टिकच्या झाकणावरची) धूळ. नदीकाठच्या भागांत तर विचारायलाच नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा, केशवनगर, खराडीकडे मुळा-मुठेवरच्या कीटकांच्या वावटळीचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले आहेत.

"तो गोळा एका सेकंदात पार्किंग पार करतो, एवढ्या वेगानं काय जाणार?" हा नेहमीचा प्रश्न. गणित करा. २.८ मिलिमीटर लेन्सच्या कॅमेऱ्याचं दृश्य आडवं साधारण १०० अंशांचं असतं. २० सेंटिमीटर अंतरावर ते दृश्य फक्त ४८ सेंटिमीटर रुंद. डास सेकंदाला अर्धा मीटर उडतो, म्हणजे सेकंदभरात या टोकाकडून त्या टोकाला. तोच गोळा १० मीटरवर आहे असं गृहीत धरलं, तर दृश्य २४ मीटर रुंद, आणि वेग निघतो ताशी ८६ किलोमीटर. वेग चुकत नाही, अंतर चुकतं.

शिवाय रात्री शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका वेळ उघडं राहतं. डासाचे पंख सेकंदाला चार-पाचशे वेळा फडफडतात, म्हणजे एका फ्रेममध्ये वीसएक फडफडी. त्यातून दोन्ही बाजूंना झालर असलेली कांडी उमटते आणि तिला "उडता साप" अशी नावं मिळतात.

तपासणी अशी करा:

१. डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातून) मूळ क्लिप पेन ड्राइव्हवर काढा. मॉनिटरचं मोबाइलवर केलेलं शूटिंग चालणार नाही. त्यात मॉनिटरवरची प्रतिबिंबंही येतात.

२. चित्र कृष्णधवल असेल तर इन्फ्रारेड चालू आहे. एकेक फ्रेम पुढे नेत बघा: गोळा कधी खांबाच्या किंवा गाडीच्या मागे जातो का? त्याचा उजेड फरशीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर पडतो का? जो गोळा नेहमी सगळ्यांच्या पुढूनच जातो आणि कशालाच उजळत नाही, तो लेन्सजवळ आहे.

३. दुसऱ्या रात्री त्याच वेळी पार्किंगमधल्या सगळ्या ट्यूब १५ मिनिटं चालू ठेवा. कॅमेरा रंगीत होतो, इन्फ्रारेड बंद पडतं आणि गोळे जातात. ट्यूब बंद केल्या की परत येतात. हे तीन वेळा आलटून-पालटून करा, वॉचमनदादांना साक्षीला उभं करा. एकदाच केलं तर "तेव्हा तो आलाच नाही" असं कुणीतरी म्हणतंच.

४. जाळी लांब दांड्याच्या कुंच्यानं काढा. डोम सौम्य साबणाच्या पाण्यानं आणि मऊ मायक्रोफायबर कापडानं पुसा. थिनर, पेट्रोल किंवा कीटकनाशकाचा फवारा डोमवर मारू नका. प्लॅस्टिक धुरकट होतं आणि मग दर रात्री सगळं चित्रच पांढरं येतं.

५. कायमचा इलाज हवा असेल तर कॅमेऱ्यातलं इन्फ्रारेड सेटिंगमधून बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दीड-दोन मीटर बाजूला लावा. घरच्या चाचणीतली पाचवी पायरी म्हणजे हेच. किडे दिव्याकडे गेले तरी लेन्ससमोर येत नाहीत. पांढरा बल्बही कॅमेऱ्याच्या डोक्यावर नको.

काढलेली जाळी आठवडाभरात पुन्हा येतात. कोळी मूर्ख नाही. किडे जमतात तिथंच तो दुकान मांडणार.

दोन फोनची चाचणी: अंतर मोजणं

एखाद्या जागी खरंच पुन्हा पुन्हा काही दिसत असेल, तर वाद घालण्यापेक्षा अंतर मोजावं. एकाच मॉडेलचे दोन फोन घ्या. ५० सेंटिमीटरच्या सरळ लाकडी पट्टीवर ते आडवे, दोन्ही लेन्समध्ये बरोबर ४० सेंटिमीटर अंतर ठेवून, समांतर बांधा. फ्लॅश लागलाच तर एकाचाच. दोघांवर एकदम शटर दाबा, किंवा व्हिडिओ चालू करून सुरुवातीला टाळी वाजवा म्हणजे नंतर वेळ जुळवता येईल.

मुख्य लेन्सला, ४००० पिक्सेलच्या फोटोत, गणित असं बसतं. पहिल्या फोनच्या मध्यावर दिसणारी वस्तू साधारण ६० सेंटिमीटरपेक्षा जवळ असेल तर ती दुसऱ्या फोनच्या चौकटीत येऊच शकत नाही. एकात गोळा आणि दुसऱ्यात काहीच नाही, याचा अर्थ एवढाच. दोन्हींत दिसली तर दोन फोटोंमधल्या तिच्या जागेतला आडवा फरक पिक्सेलमध्ये मोजा आणि १२०० ला त्यानं भागा, उत्तर मीटरमध्ये. फरक १२० तर वस्तू १० मीटरवर, ६० तर २० मीटरवर.

मोजण्याआधी जुळवणी करायलाच हवी, नाहीतर आकडे भलतेच येतात. टेपनं मोजून १० मीटरवरच्या खांबाचा फोटो घ्या. फरक १२० ऐवजी ११० आला तर १२०० च्या जागी ११०० धरा. फोन पूर्ण समांतर बांधले जात नाहीत, म्हणून खूप लांबचा एक दिवा आधी टिपा. पुण्याच्या दक्षिण-पश्चिम भागातल्या गच्चीवरून सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरचा लाल दिवा यासाठी उत्तम. इतक्या लांबच्या दिव्याचा फरक शून्य यायला हवा. जो काही येईल तो खांबाच्या मापातून आणि पुढच्या प्रत्येक मापातून वजा करा. व्हिडिओ ४००० पिक्सेल रुंद नसतो आणि त्यात कडाही कापल्या जातात, तेव्हा व्हिडिओसाठी जुळवणी वेगळी. पन्नास मीटरच्या पुढं ही पट्टी भरवशाची नाही, कारण फरक वीसएक पिक्सेलवर येतो आणि चार पिक्सेलची चूकसुद्धा दहा मीटर खाते.

आकाशातल्या गोळ्यांना म्हणूनच ही पद्धत लागू नाही. तिथं वेगळं बघावं लागतं: लोहगावकडे उतरणारं विमान तुमच्या दिशेनं येत असेल तर त्याचा दिवा दोन-तीन मिनिटं जागचा हलत नाही, मग अचानक वळतो आणि लाल-हिरवे दिवे दिसू लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक न लुकलुकता पाच-सहा मिनिटांत आकाश पार करतं, तेही सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधीच्या काही तासांत. शुक्रावर फोनचा डिजिटल झूम लावला की फोकस हलत राहतो आणि धडधडणारी चकती दिसते; फोकस हातानं अनंतावर ठेवा, चौकटीत गच्चीची कड घ्या, झूम काढून टाका.

पैसे मागणारे

फोटोतला गोळा दाखवून कुणी शांत, उतारा किंवा "वास्तू बांधून" देण्याचे पैसे मागत असेल, तर मूळ फाइल आणि त्याचे मेसेज जपून ठेवा. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणं आणि लोकांना घाबरवणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करायची. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही अशा प्रकरणात सोबत येतात.

नुसते स्वच्छ फोटो हवे असतील तर

विसर्जन मिरवणुकीत गुलाल उडत असताना फ्लॅश बंदच ठेवा. लक्ष्मी रस्त्यावर उजेड भरपूर असतो. आयएसओ ८०० ते १६००, शटर १/१०० आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं एवढ्यावर काम भागतं. १/१०० मुद्दाम: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि याहून वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. पावसात फ्लॅश लागलाच तर तो हातात घेऊन कॅमेऱ्यापासून अर्धा मीटर बाजूला धरा आणि लेन्सवर हूड लावा. फोनवाल्यांनी मित्राच्या फोनचा टॉर्च बाजूनं मारून घ्यावा. लेन्सची काच दर अर्ध्या तासानं पुसा, शर्टाच्या टोकानं नव्हे. बोटाचा तेलकट डाग प्रत्येक दिव्याभोवती वलय काढतो आणि मग घरी आल्यावर त्या वलयांची चर्चा सुरू होते.